लाकडात भूत शोधणाऱ्यांना उत्तर

आफ्रिकी मुखवट्यांविषयी मराठीत जे छापले आणि बोलले जाते, त्यातले बरेचसे एकाच समजुतीभोवती फिरते. या मुखवट्यात एखाद्या आत्म्याचा वास असतो आणि जो तो घालतो त्याच्या अंगात तो आत्मा संचारतो, अशी ही समजूत. प्रवासवर्णनांत ती असते आणि घरसजावटीच्या पुरवण्यांतही असते. लागोसला नोकरी करून परतलेल्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवरच्या मुखवट्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना तीच सांगितली जाते. काही जण म्हणतात, असा मुखवटा घरात असला की ऊर्जा येते. काही जण म्हणतात, घरात ठेवूच नका, त्यात काळी जादू असते. भांडण दिसते तेवढे मोठे नाही, कारण दोघांचेही गृहीतक एक आहे. मुखवट्याचा आध्यात्मिक अर्थ त्या लाकडात भरून ठेवलेला आहे, आणि ज्या लोकांनी तो कोरला ते त्या अर्थापुढे फक्त घाबरून उभे आहेत, असे दोघेही धरून चालतात.

योरुबा मुखवट्यांच्या बाबतीत हे गृहीतक साफ चुकीचे आहे. मी ते खोडून काढायला बसलो आहे, कारण ही चूक निरुपद्रवी नाही. ती एका विचार करणाऱ्या, आपल्या कलेची परखड पारख करणाऱ्या, आपल्या श्रद्धेवर मोकळेपणी वाद घालणाऱ्या समाजाला मुका करून टाकते.

आधी एक घोळ निस्तरू. नैर्ऋत्य नायजेरिया, त्याला लागून असलेला बेनिन देशाचा भाग आणि टोगोचा काही पट्टा एवढ्या प्रदेशात योरुबा समाज पसरलेला आहे. त्याची लोकसंख्या चार कोटींहून अधिक आहे. इफे, ओयो, इबादान, अबेओकुटा अशी शहरे या समाजाने वसवली, राजघराणी चालवली, बाजारपेठा उभ्या केल्या. ‘आफ्रिकी मुखवटा’ म्हणून ज्याचे छायाचित्र सर्रास छापले जाते तो राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा मात्र योरुबांचा नाही. तो एदो लोकांच्या बेनिन राज्याचा. 1897 च्या ब्रिटिश स्वारीत तो लुटला गेला. 1977 साली लागोसमध्ये भरलेल्या आफ्रिकी कलामहोत्सवाने त्याचेच चित्र बोधचिन्ह म्हणून घेतले, तेव्हा ब्रिटिश म्युझियमने तो काही दिवसांपुरता द्यायलाही नकार दिला. या बेनिन राज्याचा आजच्या बेनिन देशाशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. एवढाही फरक न करता जो माणूस ‘आफ्रिकी मुखवट्यांचे गूढ’ सांगू लागतो, त्याच्या पुढच्या विधानांवर विश्वास का ठेवावा?

खुद्द योरुबांमध्येही मुखवट्यांची परंपरा एक नाही. पश्चिमेकडच्या गावांत गेलेडे, ईशान्येकडच्या एकिटी भागात एपा, आणि ओयोपासून सर्वदूर पसरलेला एगुंगुन. तिघांचे हेतू वेगळे, नियम वेगळे, घालण्याची रीत वेगळी. ‘आत्म्याचा मुखवटा’ हे एकच लेबल तिघांवर चिकटवले की एकावरही ते नीट बसत नाही.

गेलेडेकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण जगभरच्या संग्रहालयांत योरुबा मुखवटा म्हणून जे दिसते त्यातले पुष्कळसे गेलेडेचेच असते. केटू, मेको, येवा, ओहोरी या पट्ट्यात, पावसाळा तोंडावर आला की साधारण मार्च ते मे या महिन्यांत हा सोहळा होतो. पाऊस रुसला, साथ आली, तान्ही मुले दगावू लागली, तर मध्येही होतो. तो कोणासाठी असतो? आयांसाठी. या आया म्हणजे गावातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया, होऊन गेलेल्या आज्या-पणज्या आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेली इया न्ला, म्हणजे थोरली आई. स्त्रीजवळ, त्यातही वय झालेल्या स्त्रीजवळ, जन्म देण्याची आणि जन्म अडवण्याचीही ताकद असते, अशी इथली धारणा आहे. पाऊस, पीक, बाजारातली बरकत तिच्या मर्जीवर चालते. ही ताकद देवांच्या तोडीची, काहींच्या मते देवांच्याही वरची. ती प्रसन्न असली तर गाव नांदते, दुखावली तर उजाड होते. म्हणून वर्षातून एकदा गावातले पुरुष भर चौकात तिच्यासमोर नाचतात.

नाचणारे पुरुष आणि अंगावरची वस्त्रे बायकांची. ही वस्त्रे गावातल्या बायकांकडूनच मागून आणलेली असतात. त्यांत डोक्याला गुंडाळायची रंगीत फडकी असतात, आणि ज्या लांब पट्ट्याने आई तान्हे मूल पाठीशी बांधते तो ओजाही असतो. छाती, नितंब फुगवलेले, पायांत लोखंडी वाळे. मुखवटा चेहऱ्यावर नसतोच. तो टोपीसारखा डोक्यावर, कपाळाच्या उतारावर बसवलेला असतो. चेहऱ्यावर पातळ कापड सोडलेले असते आणि त्यातून नाचणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो. तो कोणाचा मुलगा, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. ते लपवण्याचा प्रयत्नही कोणी करत नाही.

आता ‘अंगात येते’ म्हणणाऱ्यांनी सांगावे, यात संचार कुठे आहे? दुपारच्या नाचात सर्वांत आधी लहान मुले उतरतात, मग त्यांच्याहून मोठी, आणि शेवटी कसलेले नर्तक. योरुबा भाषा सुरांच्या चढउतारावर अर्थ बदलते, त्यामुळे ढोल वाक्ये बोलू शकतो. ढोलाने उच्चारलेल्या प्रत्येक वाक्याची लय नर्तकाने पायांतल्या वाळ्यांनी अचूक पकडायची असते, आणि वाक्य जिथे संपते तिथेच पाय थांबायला हवेत. एक ठोका चुकला तर गर्दीला कळते आणि गर्दी ते ऐकवते. जमले तर लोक धावत येऊन कौतुक करतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने, पूर्ण शुद्धीवर राहून, शेकडो पारखी डोळ्यांसमोर करायची ही कला आहे. तिला अंगात येण्याच्या खात्यात टाकणे हा त्या नर्तकाच्या मेहनतीचा अपमान आहे.

नाचाच्या आदल्या रात्रीचा भाग याहून महत्त्वाचा. त्या रात्री एफे येतो. एफे म्हणजे मुखवटाधारी गायक. तो आधी देवांना, पूर्वजांना आणि आयांना वंदन करतो, गावाला लेकरेबाळे आणि पाऊस मागतो. मग गावाचा हिशेब मांडायला बसतो. कोणी लाच खाल्ली, कोणी शेजाऱ्याची बायको पळवली, कोणता पुढारी दिलेल्या शब्दाला जागला नाही, हे सगळे तो गाण्यातून, नाव घेऊन किंवा सगळ्यांना कळेल अशा आडपडद्याने सांगतो. त्या रात्री त्याला कोणी हात लावू शकत नाही, कारण तो आयांच्या संरक्षणाखाली बोलत असतो. गेलेडेचा आध्यात्मिक अर्थ मला विचाराल तर तो इथे आहे. एका श्रद्धेने गावातल्या गायकाला सत्तेसमोर खरे बोलण्याचे अभय दिले आहे. ज्यांना मुखवट्यात फक्त गूढ दिसते, त्यांना ही रात्र दिसत नाही, कारण ती भिंतीवर टांगता येत नाही.

मुखवट्याच्या घडणीतही हाच विचार आहे. खाली एक शांत, नीटस चेहरा. डोळे मोठे, ओठ मिटलेले, गालावर कुळाची निशाणी म्हणून गोंदल्यासारख्या खाचा. त्या चेहऱ्याच्या माथ्यावर मात्र काहीही असू शकते. पक्ष्याला गिळणारा साप, झटापट करणारी जनावरे, टोपली घेतलेली बाजारकरीण, टोपी घातलेला मुस्लिम मौलवी, शिवणयंत्र, मोटारसायकल, विमान. बाहेरून आलेली प्रत्येक नवी गोष्ट गेलेडेच्या कारागिरांनी उचलली आणि डोक्यावर चढवली. जग कितीही गोंधळ घालो, खालचा चेहरा ढळत नाही. संयमी स्वभाव हेच खरे सौंदर्य, ही योरुबा विचारातली पक्की धारणा आहे, आणि मुखवट्याचा खालचा भाग ती सांगतो. मोटारसायकलीचा मुखवटा पाहून ‘परंपरा भ्रष्ट झाली’ असे म्हणणारे संग्राहक मी वाचले आहेत. त्यांना परंपरा कधी कळलीच नव्हती.

रंगांचेही तसेच. गेलेडेचे मुखवटे सोहळ्याआधी पुन्हा पुन्हा रंगवतात, झगझगीत रंगवतात. लाकूड काळवंडलेले, रंग उडालेला, तेलकट झाक आलेला मुखवटा जास्त ‘अस्सल’ आणि म्हणून जास्त किमतीचा, हा हिशेब खरेदी करणाऱ्यांचा आहे. ज्यांच्यासाठी तो कोरला त्यांच्या दृष्टीने रंग उडालेला मुखवटा म्हणजे काळजी न घेतलेला मुखवटा.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. एफेच्या रात्री इया न्लाचा मुखवटा बाहेर येतो, तेव्हा दिवे विझवतात. पांढऱ्या कापडाने झाकलेली ती आकृती अंधारातून पुढे सरकते. म्हणजे समाजाला सर्वांत पवित्र वाटणारा मुखवटा नीट पाहण्यासाठी कोरलेलाच नाही. संग्रहालयात त्याच्यावर प्रखर प्रकाशझोत टाकला जातो, बाजूला पाटी लावली जाते आणि आपल्याला वाटते की आता सगळे दिसले.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे योग्य नाही. गेलेडे हा स्त्रीचा सन्मान आहे की तिची भीती? म्हाताऱ्या बाया रात्री पक्षी होऊन फिरतात, गर्भ खातात, या कल्पनाही याच समाजात आहेत. पुरुषांनी बायकांचे कपडे घालून नाचायचे आणि बायकांनी पाहायचे, यात समानता ती कसली? हा आक्षेप घेणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. हेन्री आणि मार्गारेट ड्रूअल या दांपत्याने 1983 साली गेलेडेवर जे पुस्तक लिहिले, त्यात या शक्तीची दुधारी बाजू ठळकपणे आली. नायजेरियाचेच कलाभ्यासक बाबाटुंडे लावल यांनी 1996 च्या आपल्या ग्रंथात भर वेगळ्या जागी दिला. त्यांच्या मते या सोहळ्याचा गाभा थोरली आई आणि तिच्या लेकरांमधला सलोखा हा आहे, भीती ही त्याची एक कड आहे. माझा कौल लावल यांच्या बाजूने पडतो. कारण गेलेडे मंडळाचे सर्वोच्च पद इयालाशे या स्त्रीकडे असते, पुरुष प्रमुख तिचा मदतनीस असतो, आणि सोहळा कधी करायचा याबाबत तिचा शब्द अखेरचा असतो. भीती आहे, हे मी मान्य करतो. पण आपल्याला भीती वाटते, आपले अस्तित्व या बायकांच्या हाती आहे, हे पुरुषांनी चारचौघांत, नटूनथटून, नाचून कबूल करणे ही गोष्ट मला लहान वाटत नाही. युनेस्कोने 2001 साली गेलेडेला मानवजातीच्या अमूर्त वारशाची श्रेष्ठ कृती म्हटले आणि 2008 पासून तो बेनिन, नायजेरिया, टोगो या तीन देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. त्या मान्यतेत लाकडाइतकेच गाण्याला, ढोलाला आणि या नात्याला महत्त्व आहे.

एगुंगुनची गोष्ट निराळी. इथे लाकूड दुय्यम आहे. काही एगुंगुन माथ्यावर कोरीव शिरोभूषण घेतात, अबेओकुटाच्या आदुग्बोलोगे कुटुंबाने कोरलेली अशी शिरोभूषणे प्रसिद्धही आहेत, पण मुखवट्याचे खरे अंग म्हणजे कापड. थरावर थर. घरातली माणसे वर्षानुवर्षे त्यात नवे कापड जोडत जातात, जुने खाली तसेच राहते, आणि अगदी आतला थर प्रेताला गुंडाळायच्या वस्त्राची आठवण देणारा असतो. हात, पाय, चेहरा, काही दिसत नाही. डोळ्यांच्या जागी जाळी. आवाजही बदललेला, घोगरा. आत कोण आहे हे जाणण्याचा अधिकार सगळ्यांना नाही, आणि उघड बोलण्याचा तर कोणालाच नाही. तो घराण्यातला पूर्वज असतो, परलोकातून भेटीला आलेला. तो आशीर्वाद देतो, तंटे सोडवतो, खडसावतो. त्याच्या वस्त्राला कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून सोबतचे लोक काठ्या-चाबूक घेऊन गर्दी मागे सारतात.

‘बघा, इथे तर आत्मा आहेच’, असे कोणी म्हणेल. आहे. पण तो कुठे आहे ते पाहा. ते कापड पेटीत ठेवलेले असताना पूर्वज गावात फिरत नसतो. विधी, घराण्याचे नाव, त्याची बिरुदावली, ढोल, आत शिरणारा माणूस आणि समोर हात जोडून उभी असलेली नातवंडे, इतके सगळे जमले की पूर्वज आला असे म्हणतात. वोले सोयिंका यांनी ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ या 1975 सालच्या नाटकात हे ज्या ताकदीने दाखवले आहे, त्याला तोड नाही. ब्रिटिश जिल्हाधिकारी आणि त्याची बायको पोलिसांनी जप्त केलेला एगुंगुनचा पेहराव वेषांतराच्या मेजवानीसाठी चढवतात आणि त्यात टँगो नाचतात. त्यांच्यासाठी तो एक चमकदार पोशाख आहे. त्यांच्याच हाताखालचा पोलीस, अमुसा, धर्माने मुस्लिम आहे, सरकारचा नोकर आहे, तरीही मृत्यूचे वस्त्र घातलेल्या माणसाशी बोलायला तो नकार देतो. साहेबाला वाटते, हा भोळसट आहे. नाटक संपेपर्यंत प्रेक्षकाला कळते की त्या खोलीत त्या वस्त्राचा अर्थ जाणणारा एकटा अमुसाच होता. सोयिंका यांनी या नाटकाला ‘दोन संस्कृतींचा संघर्ष’ असे सोपे नाव देण्यास स्वतः विरोध केला होता, तोही लक्षात ठेवावा.

एगुंगुनच्या गुपितातून बायकांना वगळले जाते. इया आगान हे पद भूषवणाऱ्या स्त्रीचा अपवाद आहे, पण अपवाद म्हणजे न्याय नव्हे. मला इथे परंपरेची वकिली करायची नाही. आहे ते आहे तसे सांगायचे आहे, म्हणजे टीका करणाऱ्यालाही खऱ्या गोष्टीवर टीका करता येईल.

एकिटी भागातला एपा या तिघांत सर्वांत भारी, शब्दशः. एकाच ओंडक्यातून कोरलेला, चार-पाच फूट उंचीचा, पंचवीस-तीस किलो वजनाचा. खालचा भाग मडक्यासारखा, डोके आत जाईल असा, त्यावर पुढे आणि मागे ओबडधोबड चेहरे. वरच्या भागात मात्र कारागीर आपले सारे कसब ओततो. घोड्यावरचा योद्धा, लेकरांनी वेढलेली आई, औषधी जाणणारा वैद्य, म्हणजे गाव ज्यांच्यामुळे उभे राहिले ती माणसे. एवढे ओझे डोक्यावर घेऊन तरुणाने नाचायचे आणि मातीच्या उंचवट्यावर उडी घ्यायची. उडी साधली तर गावाचे वर्ष चांगले जाणार. दोन सणांच्या मध्ये हे मुखवटे देवघरासारख्या खोलीत ठेवतात आणि त्यांना नैवेद्यही दाखवतात. तेव्हा लाकडाला काहीच महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. लाकडाला महत्त्व येते ते गावाने दिलेले असते. ते दर सणाला नव्याने द्यावे लागते. वाळवीने पोखरलेला एपा बाजूला सारून गाव कारागिराला नवा कोरायला सांगते आणि परंपरेत खंड पडत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या विद्वानांकडे वळू. त्यांना आत्म्याशी देणेघेणे नाही. ते म्हणतात, विधी, श्रद्धा हे सगळे मानववंशशास्त्रज्ञांनी पाहावे, आम्ही आकार पाहतो. 1907 साली पिकासो पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात गेला आणि आधुनिक चित्रकला बदलली, ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आफ्रिकी मुखवटा जणू पिकासोच्या उपयोगासाठीच जन्मला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1984 मध्ये ‘प्रिमिटिव्हिझम’ हे मोठे प्रदर्शन भरवले. त्याचे सूत्रधार विल्यम रुबिन यांनी सरळच सांगितले की त्यांना या वस्तूंत रस आहे तो पाश्चात्त्य कलावंतांनी त्यांच्यात काय पाहिले एवढ्यापुरता. समीक्षक थॉमस मॅकएव्हिली यांनी ‘आर्टफोरम’ या कलानियतकालिकात त्याचा खरपूस समाचार घेतला तो योग्यच होता. पण मॅकएव्हिलींच्याही पुढे जाऊन विचारायला हवे. आकारच पाहायचा आहे ना? मग त्या आकाराचा न्याय करणारे पहिले समीक्षक कोण होते?

याचे उत्तर उपलब्ध आहे. कलाइतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी 1960 च्या दशकात योरुबा गावांतून हिंडून शेतकऱ्यांना, सरदारांना, कारागिरांना कोरीवकामापुढे उभे करून विचारले, यातले चांगले कोणते आणि का? लोकांनी कारणे दिली. आकृती माणसासारखी असावी पण हुबेहूब नको. प्रत्येक अवयव स्पष्ट उठून दिसावा. पृष्ठभाग असा गुळगुळीत हवा की उजेड आणि सावली त्यावर खेळावी. म्हातारा कोरला तरी त्याच्यात तारुण्याचा भर दिसावा. हे अडाणी लोकांचे अजाण उद्गार नव्हेत. ही निकषांसह केलेली कलासमीक्षा आहे, आणि ती ज्या माणसांनी केली ते त्या मुखवट्यासमोर घाबरून उभे नव्हते. श्रद्धाही होती आणि पारखही होती. एक असली की दुसरी नसते, हा आपल्याच डोक्यातला गोंधळ आहे.

कारागीर निनावी असतो, हाही असाच एक लाडका गैरसमज. पाटीवर ‘कलावंत अज्ञात’ लिहिलेले असते, कारण वस्तू नेणाऱ्याने नाव विचारले नाही. गावात नाव माहीत होते. ओसीचा अरेओगुन. ओडो-ओवाचा बामिग्बोये, ज्याच्या भव्य एपा मुखवट्यांचे प्रदर्शन येल विद्यापीठाने 2022 मध्ये भरवले. मेकोचा दुगा, ज्याच्या कामावर मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बॅस्कम यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. आणि इसे गावचा ओलोवे, 1938 साली वारलेला. त्याने कोरलेला इकेरेच्या राजवाड्याचा दरवाजा 1924 च्या वेम्बली प्रदर्शनात गाजला. ब्रिटिश म्युझियमला तो हवा होता, राजाने विकायला नकार दिला आणि शेवटी बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेले सिंहासन घेतले. ओलोवेची बिरुदावली त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी त्याच्या एका पत्नीच्या तोंडून नोंदवली गेली. ज्याच्या नावाची गाणी घरात गायली जातात, तो निनावी कसा?

उरला शेवटचा आक्षेप. हे सगळे आता संपले, योरुबा ख्रिस्ती आणि मुसलमान झाले, उरलेसुरले संग्रहालयांनी वाचवले, असे म्हणतात. मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या योरुबा अनुयायांनीही हे मुखवटे सैतानाचे ठरवले हे खरे आहे, आणि आजही काही पेंटेकोस्टल प्रचारक तेच करतात. पण वस्तुस्थिती एवढी एकरंगी नाही. एकिटी भागात ओये येथे 1947 मध्ये कॅथलिक धर्मगुरूंनीच कोरीवकामाची कार्यशाळा काढली. फादर केविन कॅरल यांनी तिथे अरेओगुनचा मुलगा बांडेले याला काम दिले. बांडेलेच्या हाताखाली शिकलेला लामिडी फाकेये पिढीजात कारागिरांच्या घरातला आणि धर्माने मुस्लिम होता. त्याने चर्चसाठी दरवाजे कोरले आणि योरुबा परंपरेतली शिल्पेही कोरली. युनेस्कोने 2006 मध्ये त्याचा जिवंत मानवी ठेवा म्हणून गौरव केला. 1989 च्या पॅरिसमधल्या ‘मॅजिसियां द ला तेर’ या प्रदर्शनात बेनिनचा गेलेडे कारागीर दोसू अमिदू आपल्या नावानिशी सहभागी झाला. पोर्तो-नोव्होचा रोमुआल्ड हाझूमे पेट्रोलच्या फेकलेल्या प्लास्टिक डब्यांतून मुखवटे घडवतो आणि 2007 च्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले. ब्राझीलच्या इतापारिका बेटावर गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांनी एगुंगुन जपला आहे. आणि नायजेरियात 20 ऑगस्ट हा पारंपरिक धर्माचा दिवस लागोस, ओयो, ओगुन, ओसुन या राज्यांत आता सुटीने साजरा होतो. संपलेल्या गोष्टीला सरकार सुटी देत नाही.

हे सारे मराठी वाचकाला कळायला अवघड जाऊ नये. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासींचा बोहाडा आपल्याकडेच होतो. तिथला देवाचा मुखवटा घराण्याच्या मानाने, पूजा करून, संबळाच्या ठेक्यावर नाचवला जातो, आणि शहरातल्या हस्तकलेच्या दुकानात तोच ‘ट्रायबल मास्क’ म्हणून गाव न सांगता विकला जातो. योरुबांच्या बाबतीत जी चूक होते, ती आपण शेजारच्या तालुक्याबाबतही करतो, म्हणून तिचे गांभीर्य मला जास्त वाटते.

संपादकांना माझी विनंती आहे की योरुबा मुखवट्याचे चित्र छापताना खाली ‘आफ्रिकेतील गूढ मुखवटा’ असे लिहू नका. गेलेडे, एपा की एगुंगुन ते लिहा, गाव लिहा, कारागिराचे नाव उपलब्ध असेल तर तेही लिहा. ज्यांच्या घरी असा मुखवटा आहे त्यांनी तो जरूर ठेवावा, त्यात घाबरण्यासारखे काही नाही आणि त्यातून ऊर्जाही येणार नाही. बाजारात विकण्यासाठी कोरलेला मुखवटा कोणत्याही गावात नाचलेला नसतो. आणि यापुढे विकत घेणार असाल तर विक्रेत्याला कोरणाऱ्याचे नाव विचारा. तो माणूस बहुधा हयात असतो, आणि त्याला आपले नाव लागलेले आवडेल.